बोर्डातली सातवी खुर्ची

बॉन, ४ मार्च २००७

प्रिय विलास,

ऱ्हाईनकाठच्या चेस्टनटना अजून पालवी नाही. सकाळी त्यांच्याखालून चालताना पटवर्धन मास्तरांचा तास आठवला. मिरजेची शाळा, आठवीचा वर्ग, मधल्या सुट्टीनंतरची वेळ. मास्तर टेबलावर पट्टीनं ठेका धरायचे आणि आपण शार्दूलविक्रीडित गळा फाडून म्हणायचो. तू तिसऱ्या ओळीत हमखास चुकायचास आणि मोठ्यानं चुकायचास. मास्तर म्हणायचे, "मोहरीर, चुकायचं तर असं, साऱ्या वर्गाला ऐकू जाईल असं."

मी परवा अगदी हळू आवाजात चुकलो. तेव्हापासून माझं मन कवितेत नाही नि कशातच नाही.

'हेलर टाग'बद्दल तू माझ्या पत्रांतून इतकी वर्षं ऐकतोयस. धुळ्याकडच्या डोंगरातल्या आदिवासी मुलींचं वसतिगृह चालवणारी ही इथली संस्था. एकेका मुलीचा खर्च एकेक जर्मन कुटुंब उचलतं. मुली मराठीत पत्रं लिहितात, मी ती जर्मनमध्ये करून त्या कुटुंबांना देतो. बोर्डात सातजण, सातही जर्मन. त्यांची बैठक चालते तेव्हा मी आणि घानाच्या फ्राऊ मेन्सा शेजारच्या स्वयंपाकघरात सामोसे गरम करत असतो. उन्हाळी जत्रेत मी रेशमी कुर्ता घालून मराठी कविता म्हणतो. लोक टाळ्या वाजवतात, "वुंडरश्योन", फार सुंदर, म्हणतात. एक अक्षर कळलेलं नसतं.

तर परवा कॉफी पिताना अध्यक्षा फ्राऊ डॉक्टर ल्यूडर्स म्हणाल्या, "हेर खांबेटे, बोर्डात एक जागा रिकामी होतेय. तुम्ही याल का?"

तेवीस वर्षांनी विचारलं! माझी कानशिलं गरम झाली. आणि तोंडातून काय बाहेर पडावं? "अहो, मी कशाला? माझ्यापेक्षा लायक माणसं आहेत." मला वाटलं, आता त्या म्हणतील, "असं कसं, तुम्हीच हवेत." मग मी म्हणेन, "बघू, जमलं तर." मग त्या पुन्हा गळ घालतील. आपल्याकडे पानात दुसरी पोळीसुद्धा पहिल्या विचारण्याला कुणी घेत नाही.

त्या म्हणाल्या, "शाडं." म्हणजे, अरेरे. काहीतरी टिपून घेतलं आणि पान उलटलं.

मला त्या खुर्चीचा मोह नव्हता असं लिहिणार होतो, पण तुझ्याशी खोटं कशाला बोलू? हवी होती. बोर्डापुढे एक ठराव येतोय: मुलगी सोळा वर्षांची झाली की तिचा खर्च बंद. का, तर देणगीदारांना लहान मुली आवडतात. मोठ्या झाल्या की फोटो गोड येत नाहीत. सोळाव्या वर्षी घरी परतलेल्या मुलीसाठी दारात मांडव पडतो, एवढं सांगणारं त्या टेबलाशी कोणी नाही. मी ते सांगणार होतो. आणि मी म्हटलं काय, तर मी कशाला!

तुझा
पद्माकर

---

हॅम्बर्ग, ९ मार्च २००७

पद्या,

गाढवा! पत्र वाचून असा ओरडलो की गेर्डा बागेतून धावत आली. "काय झालं?" म्हटलं, पद्याला बोर्डात बोलावलं आणि तो नको म्हणाला. ती म्हणते, "मग नको असेल त्याला." घे! जन्मभर माझ्याशी संसार केलेली बाई असं म्हणते, तर तुझी ल्यूडर्सबाई काय वेगळं समजणार?

लग्नानंतर पहिल्यांदा सासरी गेलो, तेव्हा सासूबाईंनी बटाटे विचारले. मी सभ्यपणे नको म्हटलं. पातेलं उचललं की रे त्यांनी! रात्रभर पोटात कावळे ओरडत होते. दुसऱ्या दिवसापासून ताटच पुढे करायला लागलो. मला ही अक्कल एका जेवणात आली. तुला चाळीस वर्षं पुरली नाहीत!

पण खरा संताप तुझ्यावर नाही. तेवीस वर्षं तुझ्याकडून फुकट भाषांतरं करून घेतली, जत्रेत तुला नटवून मिरवलं, आणि विचारलं ते एकदा, तेही केक खाता खाता. आत्ताच का विचारलं? काहीतरी कारण असणार. ते शोध.

आणि हे पत्र खाली ठेव, फोन उचल, बाईंना सांग: होय, मी उभा राहतो. कविता नको, प्रस्तावना नको. नुसतं होय.

विलास

---

बॉन, १७ मार्च २००७

प्रिय विलास,

केला फोन. "होय" म्हणालो. तुझ्या सूचनेबरहुकूम, एका शब्दात.

त्या फार गोड आवाजात म्हणाल्या, "आख, हेर खांबेटे, आता यादी बंद झाली. माझे जावई मथियास तयार झाले आहेत. त्यांचं भारतावर फार प्रेम आहे."

म्हटलं, "ते कधी वसतिगृहात गेलेत?"

"वसतिगृहात नाही. गोव्याला दोनदा."

मग त्याच पुढे म्हणाल्या, "आणि खरं सांगू? तुम्ही त्या मुलींच्या फार जवळ आहात. बोर्डाला थोडं अंतर लागतं. तुम्ही आमचे मानद सल्लागार व्हा ना. मत नसतं, पण वार्षिक अहवालात फोटो येतो."

तुझ्या प्रश्नाचं उत्तरही मिळालं. हेर ओएलर्स म्हणून आमचे खजिनदार आहेत, सरळ माणूस. त्यांच्याकडून कळलं की आम्हाला मोठी देणगी देणाऱ्या एका प्रतिष्ठाननं विचारलंय, 'तुम्ही भारतात काम करता, मग तुमच्या बोर्डात भारतीय किती? युरोपबाहेरचे किती?' म्हणून तो केकबरोबरचा प्रश्न.

ते ऐकून घरी आलो आणि खिडकीत बसून राहिलो. पण विलास, यादी बंद झाली असेल तर त्यांचा तरी काय दोष? नियम तो नियम. मी इथे आलो त्या पहिल्या हिवाळ्यात घरमालकीणबाईंनी स्वर्गवासी नवऱ्याचा कोट माझ्या अंगावर घातला होता. बाह्या बोटांच्या पुढे येत होत्या, पण काय ऊब होती त्याला! अशी माणसंही याच देशात भेटली. माझी वसुधा आज असती तर म्हणाली असती, सोडून द्या हो, या वयात कशाला भांडण.

सोडून देतो. मुलींची नवी पत्रं आली आहेत, ती करायला बसतो.

पद्माकर

---

हॅम्बर्ग, २२ मार्च २००७

पद्या,

वहिनींना मध्ये आणू नकोस. वहिनींनी तुझ्या घरमालकाला भाडेवाढीवरून जिन्यात गाठून जे सुनावलं होतं ते मी माझ्या कानांनी ऐकलंय. त्या 'सोडून द्या' म्हणणाऱ्यांतल्या नव्हत्या. सोडून द्यायची हौस तुझी आहे.

अंतर लागतं म्हणे! सहा हजार किलोमीटरवर बसलेत, आणखी किती अंतर हवं यांना? आणि जावई फार लांबचा शोधला वाटतं?

कोट दिला त्या बाईचे उपकार मलाही मान्य आहेत. पण कोट देणारं माणूस वेगळं आणि शेजारी खुर्ची देणारं वेगळं. कोट देताना देणारा वरच राहतो. ही मंडळी तुला तेवीस वर्षं कोटच देत आहेत, आणि तू बाह्या दुमडून आभार मानतोयस.

आता डोळे उघडून वाच. आमच्या बागवाल्यांच्या मंडळात, फेराइनमध्ये, मी बारा वर्षं चिटणीस होतो. तिथेही पहिल्यांदा मला सांगितलं होतं, यादी बंद झाली. थाप होती! तुमच्या घटनेचं पुस्तक उघड. निवडणूक सभेत होते, बाईंच्या दिवाणखान्यात नाही. मतदान सुरू होईपर्यंत कुठलाही सभासद कुणाचंही नाव सुचवू शकतो. बाई म्हणतील, "सगळी यादी एकदम मंजूर करू या, हात वर करा." तेवढ्यात तू उठायचं आणि म्हणायचं, "माझी हरकत आहे, एकेका जागेचं मतदान घ्या." तुमच्याही पुस्तकात हे असणार, बघून घे. नाव सुचवायला कुणीतरी आधी गाठून ठेव.

तू म्हणशील, लोक काय म्हणतील. म्हणू देत. तू घाबरतोस, पद्या. चांगला म्हणवून घ्यायची तुला इतकी सवय झाली आहे की त्यापायी त्या पोरींना मांडवात बसवशील.

राग आला? यायलाच हवा. सभेपर्यंत जपून ठेव.

विलास

---

बॉन, २३ एप्रिल २००७

विलास,

महिनाभर तुला लिहिलं नाही. तुझं ते मांडवाचं वाक्य वाचून पत्र फाडलं होतं. मग तुकडे जुळवून पुन्हा वाचलं.

काल सभा झाली.

हॉल भरलेला होता. बाईंनी अहवाल वाचला, मग प्रतिष्ठानला पाठवलेलं उत्तर वाचलं. नीट ऐक: "आमच्या भारतीय मित्राला आम्ही आग्रहपूर्वक विनंती केली. परंतु त्यांच्या संस्कृतीतल्या नम्रतेमुळे ते पडद्यामागे राहणंच पसंत करतात."

आग्रहपूर्वक! अरे, आग्रह म्हणजे काय हे या बाईला ठाऊक तरी आहे? एकदा विचारून पान उलटलं, त्याला आग्रह म्हणतात? आणि माझा संकोच उचलून माझ्याच संस्कृतीच्या नावावर चिकटवला, त्यावर शिक्का मारला आणि पैसे मिळवायला पाठवून दिला! मला डोळ्यांपुढे काही दिसेना. उभा राहिलो तेव्हा खुर्ची मागे पडली.

"हे खरं नाही," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू येईना. "मला एकदा विचारलंत. नंतर मी होय म्हणून कळवलं, तेव्हा यादी बंद झाली म्हणालात. मी पडद्यामागे नाही. मी उमेदवार आहे."

बाई हसल्या, लहान मुलाकडे बघून हसावं तशा. "लीबर हेर खांबेटे, हे तुम्हाला शोभत नाही. आल्झो, तर मग, यादी एकत्र मतदानाला टाकते—"

"माझी हरकत आहे. एकेका जागेचं मतदान घ्या."

सगळा हॉल हेर ओएलर्सकडे बघायला लागला. त्यांनी चष्मा लावला, पुस्तक चाळलं, चष्मा काढला. "गेनाऊ, बरोबर. एकाची जरी हरकत असली तरी एकेकाचं घ्यावं लागतं."

"पण यांचं नाव कुणी सुचवलंय?" बाईंनी विचारलं.

"मी." स्वयंपाकघराच्या दारातून फ्राऊ मेन्सा आल्या. अंगात एप्रन, हातात झारा. मी त्यांना आदल्या आठवड्यात विचारून ठेवलं होतं. त्यांनी तो झारा असा धरला होता की पुढच्या रांगेतले दोघे सरकून बसले.

मथियास आधी बोलला. पोरगा वाईट नाही. म्हणाला, माझं भारतावर प्रेम आहे, तिथली माणसं गरिबीतही किती आनंदी असतात. वर म्हणाला, वंशाकडे बघून जागा वाटू नयेत, गुणवत्ता बघावी. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मग मी बोललो. भाषण लिहून नेलं होतं, त्यात चंद्र होता, नदी होती. खिशातच राहिलं.

"गुणवत्ता बघा," मी म्हटलं. "जरूर बघा. इतकी वर्षं या टेबलाशी फक्त गोरी माणसं बसली, तेव्हा ती वंशाकडे बघून वाटलेली जागा नव्हती का? तेव्हा कुणाला गुणवत्तेची आठवण झाली नाही. तुमच्या घरी कपाटांत मुलींची जी पत्रं आहेत, ती तुम्ही माझ्या शब्दांत वाचता. फ्राऊ कोनेन, तुमच्या मुलीला टायफॉईड झाला हे तुम्हाला कुणी सांगितलं? हेर डिट्स, तुमच्या मुलीला शाळेत परत घ्यायला कुणी भांडून लावलं? मुलींची दुःखं तुम्हाला वाचून दाखवायला मी चालतो. त्यांच्याबद्दल ठरवायला मी फार जवळचा होतो?"

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. चिठ्ठ्या टाकल्या. मोजल्या. मी निवडून आलो. थोड्याच मतांनी, पण आलो.

बाईंनी हात पुढे केला. मी हातात हात दिला, पण आभार मानले नाहीत. या देशात आल्यापासून आभार न मानता खाली बसलो, असं पहिल्यांदाच झालं.

पद्माकर

---

हॅम्बर्ग, २७ एप्रिल २००७

अरे वाघा!

पत्र गेर्डाला वाचून दाखवलं, भाषांतर करत करत. ती रडली. मी रडलो नाही, मला सर्दी आहे.

मास्तर असते तर पट्टी मोडेपर्यंत ठेका धरला असता.

पण आता एक टोचून घे. ती झारावाली बाई. तिनं तुझं नाव सुचवलं. तिचं नाव कुणी सुचवलं? तू खुर्चीत बसलास, आता स्वयंपाकघरात ती एकटी सामोसे गरम करणार का? सहा आणि एक, अशा बोर्डाला ते लोक अभिमानानं 'आमचं रंगीबेरंगी बोर्ड' म्हणतील आणि पुढची वीस वर्षं तेवढ्यावर काढतील.

सावध राहा. हे लोक खुर्ची देतात, पण टेबल सरकवून ठेवतात.

विलास

---

बॉन, १२ मे २००७

प्रिय विलास,

टेबल खरंच सरकवलं होतं रे. तू हॅम्बर्गच्या पावसात बसून तिथून कसं ओळखलंस?

काल माझी पहिली बैठक होती. मी इस्त्रीचा सदरा घालून गेलो. बाईंनी स्वागत केलं, सगळ्यांनी टेबलावर बोटं वाजवली, इथली रीत. मी विषयपत्रिका बघितली. सोळा वर्षांचा ठराव त्यात नव्हता. विचारलं.

"तो झाला," बाई म्हणाल्या. "जुन्या बोर्डानं शेवटच्या बैठकीत मंजूर केला. सभेच्या आधीच्या गुरुवारी."

म्हणजे मी निवडून येण्याच्या तीन दिवस आधी. मी काही बोलायच्या आत त्यांनी एक कागद माझ्यापुढे सरकवला. "वसतिगृहाला कळवायचं पत्र. तुम्ही मराठीत करून द्याल ना? आणि जरा मायेनं लिहा, तुम्हाला छान जमतं."

विलास, मी कागद वाचला. 'आम्हाला कळवण्यास खेद होतो.' खाली नावं. प्रत्येकीचं अक्षर मला ओळखता येतं. एकीला नर्स व्हायचंय. एकीनं मागच्या पत्रात चुलत्याविषयी जे लिहिलं होतं, ते मी भाषांतर करतानासुद्धा सौम्य केलं होतं, देणगीदाराला धक्का बसू नये म्हणून. या मुलींना घरी जा म्हणून कळवायचं, आणि तेही माझ्या हातून, मायेनं!

मी कागद परत सरकवला. "मी बोर्डाचा सभासद आहे. भाषांतरं करायला माणूस नेमा. हे पत्र मी लिहिणार नाही."

"पण हेर खांबेटे, तुमच्याशिवाय कोण?"

"मग कळवू नका."

"निर्णय झालाय, कळवावंच लागेल."

"मग तुम्ही कळवा. मी नाही."

त्यांनी पुन्हा विचारलं. मग हात जोडून, आपल्यासारखे, विचारलं. मग म्हणाल्या, मुलींसाठी तरी. तेव्हा माझा आवाज चढला. "मुलींसाठीच नाही म्हणतोय! तुम्ही दर दोन वर्षांनी तिथे हार घालून घ्यायला जाता. माझ्या घरची माणसं आहेत, असं भाषणात म्हणता. घरच्या माणसांना घरातून काढायचं तर स्वतःच्या तोंडानं सांगा!"

बाईंचा चेहरा लाल झाला. "बरं. सांगते." टेबलावरचा फोन पुढे ओढला, नंबर बघून फिरवला, आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून स्पीकर लावला. मला दाखवून द्यायचं होतं त्यांना.

तिकडे मुलींची जेवणं उरकली असावीत. घंटी वाजत राहिली. मग वसतिगृहाच्या साधनाबाईंचा आवाज आला. मराठी आणि अहिराणीपलीकडे त्यांना काही येत नाही. "हॅलो? कोण बोलतंय?"

"नमस्ते," ल्यूडर्सबाई म्हणाल्या.

"अगं बाई, ल्यूडर्स मॅडम! नमस्ते, नमस्ते! पोरींनो, इकडे या गं, जर्मनीच्या मॅडमचा फोन!" मागे एकच गलका. भांडी पडल्याचा आवाज, धावणारे पाय. "बोला मॅडम! कधी येताय? पोरी वाट बघतात!"

"नमस्ते," बाई पुन्हा म्हणाल्या. पुढे त्यांच्याकडे शब्दच नव्हता. इंग्रजीत काहीतरी सुरू केलं. तिकडून साधनाबाई, "हो हो, हो हो," एवढंच. मुली पाठीमागून "गुड इव्हिनिंग" ओरडत होत्या, ज्यांची नावं त्या कागदावर होती त्याही असतील.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. टेबलावरचा फोन हळूच माझ्या बाजूला सरकवला.

मी हात मांडीवर ठेवून बसलो. साधनाबाई विचारत होत्या, "हॅलो? ऐकू येतंय का? हॅलो?" सातजणांच्या खोलीत त्यांना उत्तर देऊ शकणारा मी एकटा होतो. मी फोनला हात लावला नाही. इतकं निष्ठुर मी आयुष्यात कुणाशी वागलो नव्हतो, आणि इतकं बरोबरही.

बाईंनी फोन बंद केला.

मग हेर ओएलर्सनी घसा खाकरला. "हं... म्हणजे, जे आपल्याला तोंडानं सांगता येत नाही ते आपण ठरवलंच कसं, मला कळत नाही. हा विषय पुन्हा घ्यावा." बाई म्हणाल्या, झालेला ठराव उकरून काढता येत नाही. ओएलर्स म्हणाले, अजून कळवलेला नाही, येतो. हात वर झाले. मथियासच्या जागी मी आलो नसतो तर काय झालं असतं, ते मला हातांकडे बघताना कळलं. चार विरुद्ध तीन. मुली बारावीपर्यंत राहतील.

आणि ऐक, लगेच दुसरा विषय मी काढला, तुझ्या टोचणीमुळे. पुढच्या सभेत फ्राऊ मेन्सांचं नाव मी सुचवणार आहे, हे नोंदवून घ्यायला लावलं. त्यांना आधी विचारलं होतं. एकदाच विचारलं. त्या तडक म्हणाल्या, "कधीचीच वाट बघत होते. तुम्हा पुरुषांना फार वेळ लागतो."

तू म्हणशील, आता शांत झाला असशील. नाही. तेवीस वर्षं मी स्वयंपाकघरात असताना त्या भिंतीच्या पलीकडे किती ठराव असे झाले असतील, किती मुली 'खेद होतो' म्हणून घरी गेल्या असतील, हे मोजायला बसलो तर झोप येत नाही. कविता वाचायला घेतो आणि मिटतो. हा राग मला पुरवून वापरायचा आहे.

बैठक संपली तेव्हा कोट चढवता चढवता बाई कोरडेपणानं म्हणाल्या, "आता तरी त्यांना फोन करा. काळजीत असतील."

मी सरळ फोनकडे गेलो. साधनाबाईंनी एका घंटीत उचलला.

"हॅलो? कोण बोलतंय?"

इतकी वर्षं मी सांगत आलो, मी खांबेटे, भाषांतरवाले. काल म्हटलं, "बोर्डातून बोलतोय, बाई. मुलींना बोलवा."

तुझा
पद्माकर